वहिनीचा स्कोअर

५ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ. वि. वि. इकडे आम्ही दोघंही खुशाल आहोत. त्यातलं एक जण जरा जास्तच.

तुझ्या वहिनीला गोल्फ मीच शिकवला. काठी कशी धरायची इथपासून. मी स्वतः बारा वर्षं खेळतोय, रविवारी चष्म्याचं दुकान बंद ठेवून. परवा मला एकशे चार फटके लागले आणि तिला सत्त्याण्णव. ज्याचे फटके कमी तो जिंकला, एवढं मला ठाऊक आहे; तरी क्लबातल्या प्रत्येकाने ते मला पुन्हा समजावून सांगितलं.

बरं, खेळ बघण्यासारखा तरी असावा. मोठी काठी ती पिशवीतून काढतच नाही. मधल्या काठीने चेंडू बेताबेताने पुढे ढकलते. झाडीत गेला तर निमूटपणे बाजूला काढते, वाटेतली खुर्ची सरकवावी तसा. आणि भोकाजवळ आली की हलक्या हाताने आत. हे शेवटचं तिला क्लबातल्या दातांच्या डॉक्टरांनी शिकवलं. गृहस्थ विधुर, निवृत्त, शर्टाची इस्त्री कडक. ती लॅबमधून सुटली की परस्पर तिकडे जाते, आणि सरावाच्या हिरवळीवर दोघं वाकून चेंडूकडे बघत असतात. मी काही जळत नाही. फक्त कळवतोय.

पुढच्या महिन्यात जोड्यांचा सामना आहे. डॉक्टरांनी तिला जोडीदार म्हणून विचारलंय. मागे तिचा गुडघा दुखायचा, आठवतं ना? तू फिजिओथेरपिस्ट. काही महिने विश्रांती घ्या असं तू लिहिलंस तर ती ऐकेल. मी सुचवलं हे मात्र लिहू नकोस.

लोभ आहेच, तो या कामी थोडा खर्च कर.
तुझा दादा


११ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि. तुझं पत्र दवाखान्यात वाचलं आणि पेशंटसमोर हसू आवरेना.

वहिनीचा गुडघा मी गेल्या खेपेला तपासलाय. तुझ्या दोन्हींपेक्षा तो बरा आहे. खोटं मी लिहिणार नाही. दुखतंय ते तुझं, आणि त्यावर माझ्याकडे व्यायाम नाही. जळत नाही म्हणतोस आणि परक्या माणसाच्या शर्टाची इस्त्री कळवतोस.

मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नाही. पण तुझ्याच पत्रावरून दिसतंय की वहिनी चुका कमी करते आणि तू लोकांनी बघावं म्हणून मारतोस. तिला विचार ना, काय करतेस म्हणून. घरातल्या घरात शिकवणी आहे. आणि तुझ्या एवढ्या मोठ्या पत्रात एक गोष्ट कुठेच नाही: जोडीसाठी तू स्वतः तिला विचारलंस का?

राग आला तरी लोभ कमी करू नये.
तुझी धाकटी


२० फेब्रुवारी

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि. तुम्ही फोनवर माझ्या गुडघ्याची चौकशी केलीत, दोनदा. कुणी करायला लावली ते मी विचारत नाही.

मी हा खेळ धरला तो ह्यांचा रविवार मला मिळावा म्हणून. आता रविवार मिळतो, पण हे चार पावलं पुढे चालतात. डॉक्टर माझ्याशी बोलतात ते फक्त त्यांच्या बायकोबद्दल. तिच्याच काठीने ते सराव करतात. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, मी कुठे काय म्हटलं.

एक गोष्ट तुम्हालाच लिहिते. गेल्या रविवारी शेवटच्या भोकाशी आम्ही बरोबरीत होतो. माझा चेंडू अगदी जवळ होता. मी तो मुद्दाम चुकवला. हे एका फटक्याने जिंकले. घरी येताना गाडीत गात होते, मला वाटेत कॉफी पाजली, पुढचा सबंध दिवस माझ्याशी लाडीगोडीने बोलले. आणि मला इतकं एकटं वाटलं की काय सांगू. लहान मुलाला जिंकू द्यावं, नवऱ्याला नाही.

डॉक्टरांना मी अजून हो म्हटलेलं नाही. ह्यांनी विचारावं म्हणून थांबलेय. पण मी होऊन सुचवणार नाही.

लोभ असावा, आणि हे पत्र तुमच्यापाशीच असावं.
तुमची वहिनी


८ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ. वि. वि. सामना काल झाला. पण आधीचं आधी सांगतो.

मी एकदा तिच्यावर एका फटक्याने जिंकलो होतो. आठवडाभर हवेत होतो. मग एके दिवशी दुकानात एका गिऱ्हाइकाच्या डोळ्यांना भिंग लावून बघताना एकदम लक्षात आलं, की एवढ्या जवळून ती कधी चुकत नाही. गिऱ्हाइकाला तसंच बसवून तिला फोन केला. मुद्दाम चुकवलास का विचारलं, तर ती हो म्हणाली. हरल्याने मला इतकं लागलं नव्हतं. घरी आल्यावर कडाक्याचं भांडलो. पुन्हा असं केलंस तर मी क्लब सोडेन, असं मी म्हणालो. ती म्हणाली, पुन्हा असा पुढे पुढे चाललास तर मी घर सोडेन. शेवटी मी जोडीचं विचारलं. ती म्हणाली, विचारायला केवढा उशीर.

या सामन्यात दोघांनी एकच चेंडू आळीपाळीने मारायचा असतो. मी लांब उडवायचा आणि तिने निस्तरायचं, असं चाललं. मधे एकदा मी तिचं ऐकून लहान काठी घेतली आणि आमचा एक फटका वाचला. आम्ही चौथे आलो. डॉक्टर आणि पोस्टातल्या बाई पहिले. त्यांच्या कपावर मी मनसोक्त जळलो. ती शेजारी होती, त्यामुळे जळायलाही सोबत झाली.

येताना गाडीत मी तिला मोठी काठी का काढत नाहीस म्हणून विचारलं. खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, की सातव्या भोकाला तू मारलेल्या फटक्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. तसा लांब फटका मला जमत नाही, पहिल्या दिवसापासून मला तुझा याबद्दल हेवा वाटतो. मोठी काठी ती म्हणून काढत नाही. गाडी चालवताना मला जे बरं वाटलं ते लिहायला लाज वाटते.

आज सकाळी तिने मला ते विचारलं, कसा मारतोस म्हणून. मी सगळं दाखवलं. पाय, कंबर, खांदा. मनगटाचं तेवढं सांगितलं नाही. सांगेन सावकाश.

लोभ आहे तो असाच दोघांत सारखा वाटत राहा. मनगटाचं मात्र तिला कळवू नकोस.
तुझा दादा