लोणच्याच्या बरणीतली बियर

बाबा, परवा माझ्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. दुसऱ्या दिवशी पट्टी सोडल्यावर डॉक्टरीणबाईंनी समोर हात धरला आणि विचारलं, "मावशी, किती बोटं?" मी तीन म्हणायच्या ऐवजी रडायलाच लागले. त्या बिचाऱ्या घाबरल्या. त्यांना वाटलं, दिसतच नाही हिला. दिसत होतं, चांगलं लख्ख दिसत होतं. पण हाच प्रश्न एका हिवाळ्यात मी तुम्हाला तीन दिवस सारखा विचारत होते, हे त्यांना काय सांगायचं? तुम्ही तो प्रश्न तेव्हा हसण्यावारी नेलात. मला नेता आला नाही, आजपर्यंत नाही. म्हणून हे लिहायला बसले आहे.

तुम्ही रिटायर होऊन दोन वर्षं झाली होती. रेल्वेचं क्वार्टर सोडून आपण अजनीतच, मागच्या गल्लीत, दोन खोल्यांचं घर घेतलं होतं भाड्यानं. आई जाऊन बरीच वर्षं झालेली. इंजिनावर उभं राहून राहून तुमचा डावा पाय आधीच गेला होता, त्यात त्या दिवाळीनंतर तुम्हाला ताप आला आणि ताप उतरला तरी जेवण परत आलं नाही. मी शाळेतून आले की चप्पल काढायच्या आधी तुमच्या ताटावरचं झाकण उचलून पाहायची. भाकर तशीच, भाजी तशीच, वरणावर साय धरलेली. मी चिडायची. "बाबा, काहून जेवले नाही?" आणि तुम्ही भिंतीकडे तोंड करून, "मातीवाणी लागते वं सगळं." डॉक्टर म्हणाले होते, औषधानं होण्यासारखं होतं ते झालं, आता पोटात अन्न गेलं नाही तर हा माणूस उठणार नाही. त्याला काय खावंसं वाटतं ते विचारा आणि द्या. मी विचारलं. शिरा? नाही. भरीत? नाही. पुरणाची पोळी? त्यावर नुसता हात हलवलात. मग थोड्या वेळानं, जशी काही दुसऱ्याच कोणाची गोष्ट सांगताय, "एक गिलास बियर भेटली असती ना, तं भाकर गेली असती घशाखाली."

आता सांगते, माझे धाबे दणाणले. महापालिकेच्या शाळेतली मास्तरीण मी, तिशी उलटलेली, बिनलग्नाची. सीताबर्डीच्या दारूच्या दुकानाच्या पायरीवर उभी राहिले असते तर संध्याकाळपर्यंत अख्ख्या अजनीत झालं असतं. शिवाय परमिट लागायचं. गल्लीतल्या कोणा पोराला पाठवावं तर तुम्हीच नको म्हणालात. "माह्यासाठी कोणापुढं हात पसरू नको." मग म्हटलं, बाबा, आता काय मी घरी बनवू? मी कावून बोलले होते. तुम्ही उशीवरचं डोकं वर केलंत. आठवड्यात पहिल्यांदा तुमच्या चेहऱ्यावर काही हललं. "बनते," तुम्ही म्हणालात. "आंटी बनवत होती."

आंटी म्हणजे तुमच्याबरोबर गाडी चालवणाऱ्या गोऱ्या, अँग्लो-इंडियन ड्रायव्हरसाहेबांची बायको. साहेब वारले होते, आणि आंटी पोराकडे ऑस्ट्रेलियाला जायची म्हणून पेट्या भरत बसली होती. मी जाऊन खालमानेनं विचारलं तर ती इतकी खूश झाली की विचारू नका. पेटीवर बसूनच तिनं मला सगळं सांगितलं. जव भिजव, मोड आण, वाळव, भरड, गरम पाण्यात घाल, गाळ, उकळ, खमीर टाक. मी शाळेच्या वहीत उतरवून घेतलं. मला वाटलं, हात्तिच्या, एवढंच ना? मोड आणणं तर आपलं रोजचं. मटकीला आणते तसे जवाला आणायचे. इतवारीतून जव आणले, ओल्या फडक्यात बांधले, चौथ्या दिवशी काय सुरेख मोड! गच्चीवर वाळवले आणि मग माझ्या हातानं घात केला. सातूच्या पिठाला भाजतात तसे मंद आचेवर खरपूस भाजले. घरभर वास सुटला. तुम्ही बाहेरून म्हणालात, "काय भाजून राहिली वं?" आणि मी मोठ्या तोऱ्यात, पाहा आता! ते पाणी गोड झालंच नाही. खमीर टाकून तीन दिवस वाट पाहिली, ढिम्म. वरून नुसती बुरशी. आंटी कपाळावर हात मारून म्हणाली, "अरे बेटी, सत्तू नहीं बनाना है! सुखाने का, भूनने का नहीं. इतना भूनेगी तो सब मर जाएगा." माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. आठ दिवस वाया गेले होते आणि तुमची हाडं मोजता येत होती.

दुसऱ्या वेळी नुसते उन्हात वाळवले. जात्यावर जाडसर भरडले आणि बोट जेमतेम बुडवता येईल अशा कढत पाण्यात टाकून पातेलं रजईत गुंडाळून ठेवलं. दीड तासानं चाखलं तर गोड! मी स्वयंपाकघरात एकटीच नाचले. बियरला कडवट चव यावी म्हणून आंटी हॉप्सची फुलं घालायची, ती इथं मिळत नव्हती. ती म्हणाली, संत्र्याची साल घाल आणि थोडा काडेचिराईत, तुमच्या लोकांकडे तापाला असतोच. खमीर आणायला मी जरीपटक्याला गेले, अजनीतल्या बेकरीवाल्याला उगाच शंका नको म्हणून. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. आणि भरायला घरात एवढं मोठं भांडं एकच, आईची लोणच्याची चिनी मातीची बरणी. चार वेळा सोड्यानं धुतली, उन्हात ठेवली, मग भरली आणि लोणच्याला बांधतात तसाच वर फडक्याचा दादरा बांधला. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत जाण्याआधी कान लावला. आत बारीक बुडबुड चालली होती. ती ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. मी झटकन कान काढून घेतला.

त्याला कारण होतं. आमच्या शाळेच्या शिपायाचा धाकटा भाऊ हातभट्टीची पिऊन दोन दिवसांत आंधळा झाला होता. धडधाकट माणूस, उमरेडकडे खाणीत कामाला. मी त्याला शाळेच्या फाटकाशी पाहिलं होतं, भावाचा खांदा धरून उभा. डोळे उघडेच होते, चांगले स्वच्छ, आणि त्यातून काही दिसत नव्हतं. ती बुडबुड ऐकली आणि मला तोच माणूस दिसायला लागला. घरी बनवलेली दारू ती घरी बनवलेली दारू, मग ती भट्टीवर होवो की लोणच्याच्या बरणीत, असंच माझं ज्ञान. आंटीला विचारायला हवं होतं. पण जिनं आयुष्यभर आपल्या हातानं नवऱ्याला पाजली तिलाच विचारायचं, की बाई, यानं डोळे जातात का? मला धीर झाला नाही. आणि मी धीर गोळा करेपर्यंत ती मुंबईच्या गाडीत बसली. जाताना तारेचं झाकण असलेल्या सहा जाड बाटल्या मला देऊन गेली.

त्या बाटल्यांत भरताना आंटीनं सांगितलेलं, प्रत्येकीत साखर, छोटा चमचा, सपाट. मी तुमच्या चहाला घालते तसा शिगोशीग घातला. मग संक्रांत आली. समोरच्या काकू तिळगूळ घेऊन आल्या, तुमच्या पाया पडल्या, "तिळगूळ घ्या गोड बोला" म्हणाल्या आणि आत मोरीत धाडकन बाटली फुटली. पाठोपाठ दुसरी. बाई गं! काकूंच्या हातातला डबा पडला. वास तर असा सुटला की लपवणार कुठं? नोकरी गेली, तुरुंगात गेले, तुम्हाला आता कोण भाकर देईल, सगळं एका क्षणात डोळ्यांपुढून गेलं. आणि तुम्ही, इतके दिवस जेमतेम कण्हणारे तुम्ही, ठणठणीत आवाजात म्हणालात, "घाबरू नका वैनी. माह्या पायाचा काढा हाय. जरा तेज झाला." काकूंनी नाकाला पदर लावला, मोरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "आमच्या सासूबाईचेही गुडघे लय दुखतात बा. शिल्लक राहिला तं द्या थोडा." मी म्हटलं, शिल्लक नाही. त्या रागावून गेल्या आणि महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. पण कुठं बोलल्याही नाहीत.

चार बाटल्या उरल्या. त्या मी ओल्या वाळूत पुरून ठेवल्या आणि रोज उद्या, उद्या करत राहिले. तुम्ही विचारायचे, "झाली का वं?" आणि मी, अजून कच्ची आहे. कच्ची कसली, माझंच मन तयार होत नव्हतं. शेवटी एका रविवारी दुपारी तुम्ही पाणीसुद्धा नको म्हणालात तेव्हा मी उठले. स्वयंपाकघरात जाऊन बाटली उघडली. फस्स झालं, फेस वर आला, ग्लासात ओतली तर गढूळ, पिवळसर तांबडी. मी ग्लास हातात घेऊन ओट्याशी उभी आहे. बराच वेळ उभी आहे. मग बाहेर येते. तुम्ही भिंतीला टेकून बसता, ग्लास दोन्ही हातांत धरता, नाकाशी नेता आणि माझ्याकडे पाहता. "तू चाखली?"

"हो बाबा."

"कशी हाय?"

"कडू."

तुम्ही माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलंत. मग प्यालात. डोळे मिटून, सावकाश, अर्धा ग्लास. मिशीला फेस लागला. "आंटीच्या हाताची सर नाही," म्हणालात, "पण बियर हाय गड्या!" आणि भाकर मागितलीत. एक अख्खी खाल्लीत, झुणक्याबरोबर, वर कांदा. मी वाढत होते आणि तुमच्या डोळ्यांकडे पाहत होते.

मग ते तीन दिवस. मी शाळेत रजा टाकली. सकाळ झाली की कॅलेंडरपुढे बोट धरून, बाबा, काय तारीख? पेपर पुढे करून, ही ओळ वाचा ना, माझा चष्मा सापडत नाही. मी तेव्हा चष्मा लावतच नव्हते. बोटं किती? दारात कोण उभं आहे? तुम्ही पहिल्यांदा नीट सांगितलंत. दुसऱ्या दिवशी चार बोटं धरली तर म्हणालात, "कोणती बोटं? मले तं हातच दिसून नाही राहिला." माझ्या हातातला तांब्या खाली पडला. तुम्ही हसत सुटलात, खोकला येईपर्यंत हसलात. मग माझा चेहरा पाहून हसू आवरलंत. "चार, पोरी," म्हणालात. "चार हायेत. दिसतात मले." त्या दिवसापासून तुम्ही जेवायला लागलात, पुढल्या महिन्यात काठी घेऊन चौकापर्यंत जायला लागलात आणि त्यानंतर सहा वर्षं राहिलात. बियर त्याचं कारण होती की नव्हती, देव जाणे.

तुम्ही गेल्यावर बऱ्याच वर्षांनी आमच्या शाळेत विज्ञानाच्या एक बाई आल्या. एकदा डबा खाता खाता मी सहजच असल्यासारखं दाखवून त्यांना विचारलं, घरच्या बियरनं डोळे जातात का? त्या म्हणाल्या, धान्य आंबवून केलेल्या बियरनं डोळे जात नाहीत हो, ते लोक दारूत भलतं विषारी स्पिरिट मिसळतात, त्यानं जातात. किती सोप्या शब्दांत सांगितलं. मी हो हो म्हणत पोळी चावत राहिले. म्हणजे माझी भीती खोटी होती. पण ग्लास तुमच्या हातात दिला त्या दुपारी ती खरी होती ना! शंभर टक्के खरी होती. मी चाखली नव्हती, बाबा. ओट्याशी उभी राहून ग्लास दोनदा ओठाला लावला आणि दोनदा खाली ठेवला. मी स्वतःला सांगितलं, दोघंही आंधळे झालो तर करायचं कोणी? तुम्ही तसेही अंथरुणावर, मी सांभाळीन. किती शहाणपणाचं कारण. पण खरं म्हणाल तर मला माझे डोळे हवे होते.

हे मला तुमच्या हयातीत सांगता आलं असतं. संधीही आली होती. पुढच्या थंडीत तुम्हीच म्हणालात, यंदा नाही करत का? मी केली. या वेळी मात्र मनाशी घट्ट ठरवलं होतं, आधी आपण प्यायची, यांच्या डोळ्यांदेखत. तुमच्यासमोर ग्लास भरला आणि ओठाशी नेला. तुम्ही हात पुढे केलात.

"आण इकडं. आधी मी पेतो. तू मागून पेजो."

"मी चाखते ना बाबा."

"मालूम हाय मले. आण."

काय मालूम होतं, ते तुम्ही बोलला नाहीत आणि मीही विचारलं नाही. त्यानंतर दर हिवाळ्यात तसंच झालं. आधी तुम्ही. हे पत्र कुठं पाठवायचं, कोणत्या पत्त्यावर? लिहून झालं की फाडून टाकीन. पण एवढं लिहिलंच आहे तर तेही लिहिते. तुम्ही माझ्या हातातून ग्लास काढून घेतलात, तेव्हा तुम्हाला सगळं कळलंय हे मला त्याच क्षणी समजलं होतं. लाज वाटली, पण ती मागाहून. आधी मला हायसं वाटलं.