तीन अँप आणि एक निळी वायर

भूषण,

पप्पांची एक चप्पल गेटबाहेर पडलीय. कुकरमध्ये भात आहे. स्टिरिओची निळी वायर मी डिकीत मोकळी काढून ठेवलीय. डॉक्टरांनी चार टाके नवे घातले.

सकाळी पप्पांचे हर्नियाचे टाके काढायला निघालो, तर गाडी चालूच होईना. धक्का मारताना त्यांचे टाके उसवले. रिक्षाने दवाखान्यात नेलं. आज तिथेच ठेवणार आहेत. मी कपडे न्यायला आले होते.

डिकी उघडून बघितली. स्टिरिओच्या एका निळ्या वायरला तीन अँप्लिफायर चालू करायचा भार झेपेना, म्हणून तू तिन्ही अँपच्या रिमोट वायरी, म्हणजे ते चालू-बंद करणाऱ्या, सरळ बॅटरीला जोडल्यास. स्टिरिओ बंद केला तरी अँप रात्रभर चालू. बॅटरी उतरेल नाही तर काय?

तुझ्या मित्राने, निरंजनने असं जोडायला सांगितलं, असं म्हणू नकोस. चाकणला मी आठ तास गाड्यांचं वायरिंगच करते. घरात विचारायला लाज वाटली?

माझ्या खणात रिले आहे, छोट्या वायरीने मोठा करंट चालू-बंद करणारी डबी. निळी वायर फक्त रिलेला दे, त्याची अर्थिंगची वायर गाडीच्या बॉडीला. बॅटरीची वायर फ्यूज घालून रिलेत आण आणि तिथून तिन्ही अँपना दे. स्टिरिओ बंद, की अँप बंद. आजच कर, आणि बॅटरी चार्जिंगला टाक. उद्या पप्पांना आणायचंय.

ते नर्सला सांगत होते, "पोराने गाडीत काय आवाज बसवलाय." दवाखान्यात ये आणि ऐक.

मिनल

पप्पा धक्का मारायला उतरले तेव्हा मी स्टिअरिंगवर होते. मी त्यांना नको म्हणाले नाही.