दुसरी मेंढी

आंबागड, ता. तुमसर
४ डिसेंबर २०२४

ती. दादांस,

गोदावरीचा शि. सा. नमस्कार. वि. वि. तुमच्या कानांनी फोनशी फारकत घेतल्यापासून मले पुन्हा लिहायची सवय लागली. हे पत्र गोपीचंदच्या टेम्पोत देऊन राहिली, तो उद्या अड्याळले येते.

माझ्या धनंजयचा मेंढ्यांचा फार्म बरा चालू आहे. रविवारी नागपूरचे पाहुणे येतात. त्यांची लेकरं पिल्लांना बाटलीनं दूध पाजतात. आमच्या हातचे लाखोळीच्या डाळीचे वडे, मटणाचा रस्सा खातात, अन् जाताना तांदूळ, मोहाचे लाडू, मटण बांधून नेतात. तुम्ही आले तर वडे कुटून ठेवीन. दात किती उरले?

पण जिवाले चैन नाही. काल सकाळी एक मेंढी मरून पडली होती. सांजेले चांगली चरून आली होती. पोट फुगलेलं, नाकातून काळं रक्त, अन् ते गोठतच नव्हतं. शुक्रवारीही एक गेली, ती पुरली म्हणून धनंजय सांगते. साप चावला असंन म्हणते. दोन्ही जुन्या बोडीत, त्या आटल्या तळ्यात, चरत होत्या. तिथं त्यानं पाणी साठवाले मशीन लावून माती उकरली आहे. श्रावण मेंढ्या राखते, तो कालचीचं कातडं काढाले बसला होता, मी थांबवलं. रविवारी तीस पाहुणे येणार. काय करू, कळवा.

वहिनींना नमस्कार. माया आहे तशी राहू द्या.

तुमची,
गोदावरी


अड्याळ
५ डिसेंबर २०२४

चि. गोदावरीस,

अनेक आशीर्वाद. दात चार आहेत, वडे कुटूनच ठेव.

आता थट्टा पुरे. तीस वर्षं ढोरांच्या दवाखान्यात काढली. न गोठणारं काळं रक्त एकदाच पाहिलं. तो साप नाही, मले फाशीचा रोग वाटते, डॉक्टर ज्याले अँथ्रॅक्स म्हणतात. तो मातीत वर्षानुवर्षं पडून राहते, अन् माती उकरली की वर येते. त्या मेंढीले कोणी हात लावू नये, कापू तर नयेच. डॉक्टरले ताबडतोब बोलाव. पाहुणे येऊ देऊ नको.

हा रोग माणसालेही लागते, श्रावणचे हात पाहा. न दुखणारा फोड, मधात काळा. माझ्यासोबतच्या शिपायाले तसाच आला होता. आठ दिवस त्यानं कोणाले दाखवला नाही. पुढचं लिहीत नाही.

उत्तर लगेच पाठव, जीव टांगणीला आहे.

तुझा,
भय्याजी


आंबागड
९ डिसेंबर २०२४

ती. दादांस,

सा. नमस्कार. तुमचं पत्र शुक्रवारी पोचलं. धनंजयले वाचून दाखवलं. तो म्हणाला, मामाचं शिक्षण जुनं झालं, डॉक्टर आला की फार्मले कुलूप लागते. मी श्रावणले बोलावलं अन् बाही वर कराले लावली. मनगटावर फोड होता, मधात काळा. खाजते पण दुखत नाही, म्हणाला.

ते पाहून धनंजयचा हट्ट सुटला. मग त्यानं सांगतलं. आधीची मेंढी पुरलीच नव्हती. ती झोकांड्या खात होती, म्हणून मरायच्या आधी श्रावणकडून कापून घेतली. एक तारखेच्या रविवारी तिचं मटण पाहुण्यांनी बांधून नेलं.

श्रावणले त्याच दिवशी भंडाऱ्याले भरती केलं. औषध लागू पडून राहिलं म्हणतात. डॉक्टर येऊन मेंढीचं रक्त तपासाले घेऊन गेले, कळप अडकवून ठेवला आहे. काल मी स्वतः फाटकात उभी राहून पाहुण्यांना खरं कारण सांगितलं अन् परत पाठवलं. धनंजय माझ्यामागं उभा होता.

दोन दिवस तो मटण नेलेल्यांना फोन लावून राहिला. नऊ घरं होती. आठांनी उचलला, त्यांना दवाखान्यात जा म्हटलं. नववं नागपूरचं, दोन लहान लेकरांचं. त्यांचा फोन लागत नव्हता, म्हणून आज पहाटे तो पत्ता शोधत गेला.

आत्ताच त्याचा फोन आला. घराले कुलूप आहे. शेजारी सांगतात, गुरुवारी दोन्ही लेकरांना उचलून आईबाप घाईनं दवाखान्यात गेले. कोणत्या, ते कोणाले माहीत नाही. तो एकेक दवाखाना पाहत फिरून राहिला.

गोपीचंद टेम्पो सुरू करून थांबला आहे. वहिनींना एवढ्यात काही सांगू नका. मायेचा हात पाठीवर असू द्या, आज त्याची फार गरज आहे.

तुमची,
गोदावरी