दुपारची झोप

पोयेनी, २ मे २००८

प्रिय साफ्ताताई,

ख्रिस्त उठला! ईस्टरचा आठवडा सरायच्या आत चार ओळी तुझ्या हाती पडाव्यात म्हणून घाईनं लिहायला बसले आहे. फोनच करणार होते, पण तुला फोनवर अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेलं अर्धं तू उलटं ऐकतेस.

आम्ही तिघंही बरी आहोत. बटाटे लावून झाले. गाय व्यायली, कालवड झाली. आन्काला गणितात दहापैकी दहा मिळाले, आणि ते ती भेटेल त्याला सांगत सुटली आहे. नऊ वर्षांची झाली, पण शाळेतून आली की अजून आधी माझ्या एप्रनला हात पुसते. ग्रिगोरे भावजींचा गुडघा कसा आहे?

बसच्या ड्रायव्हरबरोबर पाठवलेला डबा मिळाला. आत वाळलेली फुलं, पानं, कसल्याशा मुळ्या, आणि वर तुझी चिठ्ठी : ‘रोज एक कप. झोप येईल.’ बरं वाटलं. पण ताई, मला झोप येत नाही हे तुला कोणी सांगितलं? मी तर कळवलं नव्हतं. तोदेरला विचारलं, तर म्हणतो, “सांगायला कशाला हवं? तुझ्या डोळ्यांखालचं काळं डोंगरापलीकडून दिसतं.” बावीस वर्षांची असताना या माणसाशी लग्न केलं मी. उत्तर द्यायचं नसलं की तो विनोद करतो, एवढं मला कळतं.

झोप गेली ती मार्चच्या मध्यापासून. गावाला कळायला वेळ लागला नाही आणि ज्याच्या त्याच्याकडे उपाय तयार. शेजारची परास्किवा म्हणाली, कोमट पाण्यात मूठभर मीठ टाकून पाय बुडवून बस. बसले. पायांना मुंग्या आल्या, पाय झोपले, मी जागी. मग गरम दूध आणि मध झालं. मग सॅलडची पानं उकळून त्याचं पाणी प्यायले. सशाला आवडलं असतं. पाद्रीबाबांनी तुळशीची काडी दिली, ती उशीखाली ठेवली. खाटेचं डोकं पूर्वेला केलं. शेवटी तोदेरनं आलुबुखाराच्या दारूची बाटली पुढे केली. “एक घोट घे. मेलेला माणूससुद्धा झोपतो यानं.”

“मेलेला आधीच झोपलेला असतो,” मी म्हटलं.

परास्किवा सारखी विचारते, “पण मार्चात झालं तरी काय, गं?” काही झालं नाही. फाटकाशी विजेचा मीटर बघणारा माणूस येऊन गेला, तेवढंच.

तुझा चहा मात्र लागू पडला. खोटं कशाला बोलू! पण रात्री नाही, दुपारी. तोदेर म्हणतो, रात्री झोप येत नाही तर दुपारी तरी घे. जेवणं झाली की आन्का स्वतः कप घेऊन येते, माझ्या खाटेशी उभी राहते आणि शेवटचा घोट पोटात जाईपर्यंत हलत नाही. मग मी दीडला जी पडते ती चारला उठते. धोंड्यासारखी.

आता मला सांग, चाळीस वर्षांत स्वतःचा चहा स्वतः न उकळलेला माणूस रोज बायकोसाठी आधण ठेवतो, हे कशाचं लक्षण? आणि रविवार नसतानाही धुतलेला सदरा घालतो, हे कशाचं?

डब्यात नक्की काय काय आहे ते लिही.

तुझी बहीण,
आग्लाया

पोयेनी, १६ मे २००८

साफ्ताताई,

तुझं उत्तर मिळालं. त्याला उत्तर म्हणायचं तर म्हणू. ‘झाडपाला आहे, दुसरं काय असणार? पी आणि गप्प झोप.’ मी तुला चार पानं लिहिली, तू मला एक ओळ. आणि त्यात ‘गप्प’ हा शब्द का घातलास? मी काय बोलेन अशी तुला भीती आहे?

ऐक. सकाळी शाळेत जाताना आन्काच्या दोन वेण्या मी घालते. सोमवारी झोपून उठले, तर तिच्या पाठीवर एकच वेणी. चार पेडांची, घट्ट, एक केस बाहेर नाही. मला तीन पेडांपलीकडे येत नाही.

“ही कोणी घातली?”

“परास्किवाआजीनं.”

मी कुंपणाशी गेले. परास्किवानं हात माझ्या नाकासमोर धरले. संधिवातानं दहाही बोटं वेगवेगळ्या दिशांना गेली आहेत बिचारीची. “या बोटांनी मला गाईचं दूध काढवत नाही, बाई. मी कोणाची वेणी घालणार?”

घरी येऊन पोरीचे बूट पाहिले. टाचांना तांबडी माती. तशी माती आपल्याकडे एकाच ठिकाणी आहे, जुन्या पाणचक्कीखाली, जिथे बस थांबते. बूट पुसून जागेवर ठेवले.

परास्किवाला तेवढ्यानं सगळं कळलं असं वाटतं. “तोदेरनं कोणी ठेवली असेल,” म्हणाली.

“चौसष्टाव्या वर्षी? त्याला फाटकापर्यंत जायचं तरी वाटेत एकदा बसावं लागतं.”

“बसायलाच जात असेल मग.” आणि हसत सुटली. मी हसले नाही. नातीला बरोबर घेऊन कोणी असल्या भानगडीला जात नाही.

काल मी डब्यातली मूठभर पानं रुमालात बांधली आणि तोदेरला ‘दात दाखवायला जाते’ असं सांगून तालुक्याला गेले. बघ, मीही खोटं बोलायला लागले. तिथं औषधाच्या दुकानात मादालिना म्हणून मुलगी आहे, शिकलेली. तिनं रुमाल कागदावर ओतला आणि चिमट्यानं एकेक काडी वेगळी केली. लिंडनची फुलं, लेमन बामची पानं, हॉप्सची बोंडं, थोडी व्हॅलेरियनची मुळी.

“आणि गोळी? कुटून घातलेली?”

“मावशी, गोळी नाही. कुठलीच नाही.”

“मग मी अडीच तास मेल्यासारखी कशी पडते?”

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. “रात्री किती झोपता?”

“तास. फार तर दीड.”

“मग बाकीची झोप कुठेतरी येणारच की. हा साधा चहा आहे, मावशी. ज्यानं केलाय त्याला कळतं मात्र. मुळी बरोबर मापाची आहे. जास्त झाली असती तर तुमचं डोकं दुखलं असतं. कोणी केलाय?”

मी म्हटलं, “बहिणीनं.” पण ताई, तुला कॅमोमाइल आणि गवत यांतला फरक कधी कळला? आई तुला फुलं वेचायला पाठवायची आणि तू बकरीचा चारा घेऊन यायचीस!

मला कशाचा संशय आहे, ते मी इथे लिहिणार नाही. लिहिलं की ते खरं होईल. पण तुला ठाऊक आहे. तुझ्या मागच्या खोलीची खिडकी मार्चपासून उघडी असते, असं बसचा ड्रायव्हर सहज बोलून गेला. सात वर्षं ती खोली बंद होती.

उद्या मी चहा पिणार नाही.

आग्लाया

पोयेनी, २६ मे २००८

ताई,

हे पत्र तीनदा फाडलं. तू एकटीनं वाच. मग हवं तर तिला दे.

सतरा तारखेला आन्कानं कप आणला. मी तिला म्हटलं, “बाळा, खिडकी लाव,” आणि तेवढ्यात चहा खाटेमागच्या बादलीत ओतला. भिंतीकडे तोंड करून पडले. थोड्या वेळानं दाराशी तोदेरचा श्वास ऐकू आला. मग फाटक. मी शंभर आकडे मोजले आणि निघाले.

ती पाणचक्कीखाली गवतावर बसली होती. आन्का तिच्या पुढ्यात, आणि ती वेणी घालत होती. तोदेर शेजारी रिबन हातात धरून उभा, चर्चमध्ये मेणबत्ती धरावी तसा. मी भिंतीआड थांबले. वीस पावलांवर.

आन्का म्हणाली, “चारच्या आत गेलं पाहिजे. आजी उठेल.”

“आज प्यायली का सगळा?”

“सगळा. मी बघते ना.”

“झोपते का नीट? घाम येतो का तिला? डोकं दुखतं म्हणते?”

“नाही. घोरते.”

तोदेर हसला. ती हसली नाही. म्हणाली, “इटलीत मी जिला सांभाळायचे, त्या बेर्गामोच्या म्हातारीलाही असंच व्हायचं. सात वर्षं रात्र-रात्र बसले मी तिच्याजवळ. तिला लागू पडला तोच हा चहा. पण बाबा, तुम्ही रात्री द्या तिला. दुपारी झोपली की रात्रीची झोप आणखी जाते.”

“रात्री दिला तर तू आम्हाला कधी भेटणार?” तोदेर म्हणाला.

“नाही भेटले तरी चालेल. तिला झोपू दे.”

ताई, मी तिथून परत आले. पुढे व्हायला हवं होतं, पण पाय माघारी वळले. घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडले, आणि ते आले तेव्हा घोरले. मुद्दाम. चार दिवस हेच केलं. रोज बादलीत चहा ओतायचा, डोळे मिटायचे, फाटक ऐकायचं. तिघं मिळून मला फसवत होती आणि मी तिघांना.

आता जे लिहायचं टाळत आले ते लिहिते. मार्चात मीटरवाला आला नव्हता. दोम्निका आली होती. माझी दोम्निका. फाटकाबाहेर सुटकेस घेऊन उभी होती. केस आखूड केलेले, मी आधी ओळखलंच नाही. तिनं “आई” म्हटलं. मी फाटकाची कडी धरून राहिले. ती म्हणाली, आता कागदपत्रं झालीत, रीतसर काम आहे, दोन खोल्या आहेत, शाळा सुरू व्हायच्या आत आन्काला घेऊन जायचंय. मी म्हटलं, “इथं कोणी आन्का नाही तुझी. दोन वर्षांची टाकून गेलीस, आता तयार पोर न्यायला आलीस?” आणि कडी घातली. ती किती वेळ उभी होती माहीत नाही. मी आत जाऊन कांदा चिरला.

गावाला मी सांगत आले की तिनं पोरीची चौकशीही केली नाही. केली होती. वर्षाला चार-पाच पत्रं यायची, आन्काच्या नावानं. ती कपड्यांच्या पेटीत चादरींखाली ठेवली होती. तोदेरला फक्त पहिली दोन माहीत होती. पोर रडेल, असं मी स्वतःला सांगायचे. खरं म्हणजे पोर तिकडे जाईल, म्हणून. ती गेली तर या घरात माझ्या एप्रनला हात कोण पुसणार, म्हणून.

पाचव्या दिवशी मी तोदेरला गोठ्यात गाठलं. “तू मला फसवलंस.”

तो दूध काढत होता. थांबला नाही. “फसवलं.”

“माझ्या पोटच्या पोरीला हाताशी धरून.”

“माझीही पोटचीच आहे ती.” मग बादली बाजूला ठेवली. “आग्लाया, मी चाळीस वर्षांत तुझ्या शब्दाबाहेर गेलो नाही. एकदा गेलो. आता शिव्या घालणार असशील तर घाल, पण गाईसमोर नको, दूध आटतं.”

मी शिव्या घातल्या नाहीत. घरात गेले, पेटी उघडली, पत्रं काढली. एकतीस निघाली. आन्का अभ्यासाला बसली होती. तिच्या वहीवर ठेवली आणि म्हटलं, “ही तुझी आहेत. आजीनं लपवली होती. आणि मार्चात फाटकाशी मीटरवाला नव्हता. तुझी आई होती.”

ती पत्रांना हात न लावता म्हणाली, “मला माहीत आहे. मी खिडकीतून बघत होते.”

“मग बोलली का नाहीस गं इतके दिवस?”

“तू झोपतच नव्हतीस,” ती म्हणाली. “मला वाटलं, बोलले तर तू आजारी पडशील.”

ताई, मी साठीची बाई. पोरीला सांभाळते असं समजत होते. ती मला सांभाळत होती.

ती सगळी पत्रं तिनं मोठ्यानं वाचली. अक्षर लागलं नाही की मला विचारायची आणि मी सांगायची. त्यातल्या एका पत्रात लिहिलं होतं, ‘आजीचं ऐकत जा, तिला एकटं पडू देऊ नकोस.’ ते वाचल्यावर मी उठून अंगणात गेले.

तुझ्यावरचा राग गेलेला नाही. तू मला सांगायला हवं होतंस. पण तू तिला खोली दिलीस, ती मी दिली नाही. म्हणून रागाचं नंतर बघू.

दोम्निकाला सांग, रविवारी प्रार्थना झाली की ये. पाणचक्कीवर नाही, घरी. दुपारी नाही, सकाळी, सगळं गाव रस्त्यावर असताना. फाटकाला कडी नसेल. मी काय बोलेन, मला ठाऊक नाही, कदाचित भांडेनही. पोरीला न्यायचं म्हणाली तर मी हो म्हणेन का, तेही आज सांगता येत नाही. पण आन्काला विचारू, आणि ती म्हणेल ते ऐकू, एवढं मी ठरवलं आहे.

रात्रीची झोप अजून येत नाही. पण आता का येत नाही ते माहीत असतं, म्हणून पूर्वीसारखी भीती वाटत नाही.

दोम्निकाची आई,
आग्लाया