काउंटरच्या फोनमधली नावं

मंगळवार, ३ मार्च

फ्रीजच्या दारांची हँडलं आज चार वेळा पुसली. माणसं हात कुठे घालून येतात देव जाणे. एकाने चव बघायला ठेवलेलं चीज खाल्लं आणि बोटं माझ्या काउंटरला पुसली. माझ्या देखत! मी फडकं पुढे केलं तर म्हणतो, "नको, झालं."

घरपोच सामान पोचवणारा लंबू आज रजेवर, त्यामुळे काउंटरचा फोन दिवसभर माझ्याच गळ्यात. त्यात त्या फोनवर मुख्य ऑफिसचे चार प्रश्न आले. ग्राहक समाधानी आहेत का, दुकान किती दिवसांपासून माहीत आहे, असलंच काहीतरी. भरून टाकले. मध्ये मध्ये परवानगी द्या, परवानगी द्या. सगळ्याला हो म्हटलं, नाहीतर पुढे जातच नव्हतं. ऑफिसातल्यांना कामं नाहीत.

घरी येऊन आधी हात धुतले. हे म्हणाले, "एक दिवस साल निघेल हातांची." निघू दे.

शुक्रवार, ६ मार्च

मोफत हॅम्पर म्हणे! दुकानाला पंचवीस वर्षं झाली म्हणून. अकरा झालीत. मी पहिल्या दिवसापासून चौकशी काउंटरवर आहे, मला विचारा.

सकाळपासून नऊ जण मोबाईल नाचवत आले. मेसेजवर आमचं चिन्ह, आमचा हिरवा रंग, सगळं हुबेहूब. पण खालचा पत्ता जरा वाचाल की नाही? सुरुवातीला दुकानाचं नाव आणि पुढे हातभर परकं शेपूट. वर एक घड्याळ उलटं पळतंय, तीन मिनिटं राहिली, दोन मिनिटं राहिली. भेट देणारा माणूस असा मानगुटीवर बसतो का? आणि दहा जणांना पाठवा, मग हॅम्पर पक्का. हे सगळं समजवायचं, तेही दुसऱ्याचा मोबाईल हातात धरून. तेलकट काच, भेगांत कणीक. "घ्या ना हातात, नीट बघा." मला शिसारी आली.

एक बाई तर म्हणाल्या, "म्हणजे आमचे हॅम्पर तुम्हीच वाटून घेतलेत." गुंतवणूक केल्यासारख्या बोलत होत्या.

शनिवार, ७ मार्च

साहेबांनी सगळ्यांना उभं केलं. "मुख्य ऑफिसचं काहीही असलं तरी ते माझ्यामार्फत येतं. थेट कोणालाही येत नाही. लक्षात ठेवा." मला काय सांगता, अकरा वर्षं काढलीत इथे. मग फलक लिहायला मलाच बसवलं, कारण अक्षर चांगलं. पत्ता वाचा, घाई करणाऱ्याचं ऐकू नका, कार्डाचा नंबर कोणालाही देऊ नका, शंका आली तर काउंटरवर या. सुंदर झालाय. दारातच लावला.

लोक फलकाला टेकून उभे राहतात आणि लिंक दाबतात.

सोमवार, ९ मार्च

आज अंगावर काटा आला.

घरपोच मागवणाऱ्यांचे नंबर मी काउंटरच्या फोनमध्ये माझ्या पद्धतीने भरते. खऱ्या नावांनी कोण लक्षात राहतं? टोपीवाले मास्तर. नाकात बोलणाऱ्या बाई. परत-आणणारे काका. लंबूला देते त्या चिठ्ठ्यांवरही हीच नावं. तो म्हणतो, "ताई, तुमच्या नावांवरच माझी घरं सापडतात."

तर दुपारी एक काका आले. मेसेज माझ्या नाकासमोर धरला. "प्रिय परत-आणणारे काका, अभिनंदन!"

"हे कोण? मी काय परत आणतो?"

दुसऱ्या हातात बिस्किटांचा फाटका पुडा होता. परत करायला आणलेला. मी पुडा घेतला, बदलून दिला. हे नाव नंबरासकट जगात एकाच ठिकाणी आहे, त्या फोनमध्ये.

संध्याकाळपर्यंत आणखी चौघं आली. नाकात बोलणाऱ्या बाई माझ्याशी बोलल्याच नाहीत. नुसतं बघून गेल्या.

मंगळवार, १० मार्च

छत्रीवाल्या काकू आल्या. वर्षाचे बारा महिने छत्री, तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहतात, गुडघे गेलेत. त्यांना मी तोंडावरसुद्धा छत्रीवाल्या काकूच म्हणते, त्यांना आवडतं. त्यांनी हॅम्परसाठी कार्डाचा नंबर भरला. खात्यात काही उरलेलं नाही.

रडल्या नाहीत. खुर्चीवर बसल्या, छत्री मांडीवर आडवी घेतली. "मला या नावाने तूच हाक मारतेस. म्हटलं, तूच पाठवलं असणार. म्हणून तर दाबलं."

त्यांना बँकेत घेऊन गेले, अर्ज भरून दिला. पैसे परत मिळतील की नाही, तिथल्या माणसाने धड सांगितलं नाही. असल्या म्हाताऱ्या बाईला फसवणाऱ्याच्या हातांना काही होत नाही का? किळस, किळस, दुसरा शब्द नाही.

बुधवार, ११ मार्च

तो फोन वापरणारे दोघंच. मी आणि लंबू. मी तर रात्री पुसून खणात ठेवते. तो बाहेर नेतो, ग्राहकांना फाटकातून फोन करायला. कुठे कुठे टाकत असेल, कोणाकोणाच्या हातात देत असेल.

साहेबांना सांगितलं. स्पष्टच सांगितलं, "नावं त्यानेच बाहेर दिली, दुसरं कोणी असूच शकत नाही." सांगताना जीभ जराही अडखळली नाही. काकूंचा चेहरा डोळ्यांसमोर होता.

गुरुवार, १२ मार्च

लंबूला घरी बसवलं. बरं झालं.

शनिवार, १४ मार्च

माल उतरवतात त्या मागच्या दाराशी लंबू उभा होता. दोन मुली शाळेत आहेत, बायको शिवणकाम करते, हे मला माहीत आहे, त्याने परत सांगायची गरज नव्हती. त्याने सांगितलंही नाही.

"ताई, मला त्या फोनमधून नुसतं बोलता येतं. नंबरसुद्धा निघताना तुम्हीच काढून देता, मी फक्त हिरवं बटण दाबतो."

खरं आहे, काढून मीच देते. पण चोर दुसरं काय बोलणार? मी म्हटलं, "काकूंना तिसऱ्या मजल्यावर तांदूळ नेऊन द्यायचास ना? त्यांच्या समोर जाऊन हे सांग."

"गेलो होतो. त्यांनी चहा दिला."

मला त्याचाही राग आला, काकूंचाही. आत येऊन हात दोनदा धुतले.

सोमवार, १६ मार्च

नवा माणूस चिठ्ठी घेऊन दीड तास फिरला आणि परत आला. "टोपीवाले मास्तर म्हणजे नक्की कोणती इमारत?" सगळ्यांना टोपी, म्हणे. मास्तरांचं दूध नासलं. ते मीच निस्तरलं.

साहेबांनी बोलावलं. लंबूला काढून टाकायचं पत्र तयार आहे, फक्त माझं लेखी हवं. कधी काय झालं ते तारखेसह. "तुम्ही पक्क्या आहात, तुमच्या शब्दावरच काढतोय." म्हटलं, तारखा सगळ्या आहेत माझ्याकडे, मी रोज लिहिते. उद्या देते.

मंगळवार, १७ मार्च

पहाटे उठून तारखा काढायला वही पहिल्यापासून वाचायला घेतली. पहिल्याच पानावर थांबले. तीन तारीख. लंबू रजेवर, फोन माझ्या हातात, आणि ते चार प्रश्न साहेबांमार्फत आलेच नव्हते.

ते पान कोऱ्या कागदावर जसंच्या तसं उतरवून काढलं. चीजसकट, "सगळ्याला हो म्हटलं"सकट. खाली माझं पूर्ण नाव आणि सही. आधी लंबूच्या घरी जाते, मग साहेबांकडे.