टाळूची हद्दमोजणी

तीर्थरूप वन्संच्या चरणी (गुडघे दुखत असतील तर चरणांपासून जरा अंतर राखून) भावजयीचा नमस्कार.

गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला गेला, की समोरच्याचं बोलणं तोडायला ते अजून त्याचा उपयोग करतात? इकडे आम्ही दोघं बरे आहोत. (बरे म्हणजे एकाचं डोकं ठिकाणावर आहे आणि दुसरीच्या डोक्यावर उपचार चालू आहेत.) तुम्ही पाठवलेलं तेलाचं पार्सल पोचलं. म्हणजे खोकं पोचलं, तेल बरंचसं वाटेतच उतरलं. कुरिअरवाला ते दोन बोटांत, अंगापासून लांब धरून उभा होता आणि म्हणाला, "बाई, आत काय आहे ते मला सांगू नका." तळाशी उरलेलं मी प्रेमाने हुंगलं, कपाटात ठेवलं आणि डोक्याला मात्र लावलं नाही. का लावलं नाही, ते सांगायला हे पत्र. फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर तुम्ही मला वाक्य पुरं करू देत नाही. कागदावर तुमचं काही चालत नाही.

तर सुरुवातीपासून सांगते. मी गाडी शिकवते, म्हणजे दिवसभर शिकणाऱ्याच्या शेजारी बसून, पाय माझ्या जादा ब्रेकवर ठेवून, चेहरा हसरा ठेवते. ज्याची पाळी पुढची, तो मागच्या सीटवर बसलेला असतो. गेल्या उन्हाळ्यापासून माझी टाळू चुरचुरत होती. कोणी विस्तव ठेवल्यासारखी आग व्हायची, कंगवा लागला तरी कळ यायची. मी आधी उन्हाला दोष दिला, मग साबणाला, मग विद्यार्थ्यांना. (एक जण चौथ्या गिअरमध्ये गाडी सुरू करायचा. त्याच्यामुळे केस गेले असते तरी मला नवल वाटलं नसतं.) एके दिवशी मागे बसलेली शिंपीणबाई घसा खाकरून म्हणाली, "मॅडम, रागावणार नसाल तर सांगते. तुमच्या डोक्यावर मागे एक जागा मोकळी दिसतेय. बटणाएवढी." मी म्हटलं, असेल, भांग सरकला असेल. ती म्हणाली, "शर्टाच्या नव्हे हो, कोटाच्या."

घरी येऊन तुमच्या बंधूंना डोकं दाखवलं. ते चष्मा पुसत बसले. तुमच्या बंधूंना चष्मा पुसताना पाहिलं की समजावं, यांना आधीपासून सगळं माहीत आहे. महिनाभर माहीत होतं! म्हणाले, "मला वाटलं, तुलाही माहीत असेल आणि तुला बोलायचं नसेल." आता वन्सं, माझ्या टाळूचा मागचा भाग मला कसा माहीत असणार? तो बघायचा म्हणून तर माणूस लग्न करतो. दोन दिवस मी त्यांच्याशी फक्त कामापुरतं बोलले आणि कामही मुद्दाम कमी काढलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी न सांगता त्वचेच्या डॉक्टरांची वेळ घेतली, तेव्हा तह झाला.

डॉक्टरीण वयाने माझ्या विद्यार्थिनींएवढी. तिने दिव्याचं भिंग डोक्याला टेकवलं आणि केस बाजूला करत सगळी टाळू तपासली. मग टाळू बधिर करून डाळीएवढा तुकडा तपासायला काढला, टाके घातले आणि अहवाल आल्यावर आम्हाला समोर बसवून आजाराचं नाव सांगितलं: लायकेन प्लॅनोपिलारिस. तुमच्या बंधूंनी ते जागच्या जागी पाठ केलं. हल्ली ते आल्यागेल्याला अशा थाटात सांगतात, की लोकांना वाटतं मला परदेशी पदवी मिळाली. अर्थ एवढाच की शरीराचे रखवालदार चुकून घरच्याच माणसांवर धावून जातात, म्हणजे केसांच्या मुळांवर. तिथे दाह होतो, मूळ मरतं, त्या जागी व्रण उरतो, आणि व्रणातून केस उगवत नाही. संसर्ग नाही, कोणाची चूक नाही, साबणाचीही नाही. मी विचारलं, गेलेले परत येतील का? ती सरळ माझ्याकडे बघून म्हणाली, "नाही. पण आहेत ते राखण्याचा प्रयत्न करता येईल. जितकं लवकर सुरू करू, तितके जास्त राखता येतील." पोरीने उगाच गोड लावलं नाही, म्हणून माझा तिच्यावर विश्वास बसला. पण खाली येऊन गाडीत बसले आणि गाडी मागे घेता येईना. अख्ख्या गावाला रिव्हर्स शिकवणारी मी, चाक हातात धरून हमसाहमशी रडत होते आणि मागे दोन गाड्या हॉर्न वाजवत होत्या. शेवटी तुमच्या बंधूंनी मला उठवून बाजूला बसवलं आणि घरापर्यंत गाडी चालवली. (दुसऱ्या गिअरच्या वर गेले नाहीत. मी त्यांना कधीच पास केलं नसतं. त्या दिवशी केलं.)

मग उपचार सुरू झाले. त्या मोकळ्या जागेच्या कडेकडेने इंजेक्शनं देतात. खरं सांगते, दुखतात. पण ते दुखणं थोड्या वेळाचं, आणि डॉक्टरीण तेवढ्यात मला घाट उतरताना क्लच कसा सोडायचा ते विचारत राहते, म्हणून माझं लक्ष शिकवण्याकडे जातं. रोज संध्याकाळी मलम लावायचं, ते तुमचे बंधू लावतात. शिवाय एक गोळी आहे, मुळात हिवतापाची. ती सुरू करण्याआधी डोळे तपासून घ्यावे लागतात. तो अहवाल उत्तम आला म्हणून मी ऑफिसात लावून ठेवलाय, विद्यार्थ्यांवर वचक राहतो. तेलाचं विचारलं, तेव्हा डॉक्टरीण म्हणाली, दाह आत खोल आहे, तेल तिथवर पोचत नाही, आणि चोळलं तर आग वाढेल. तेव्हा वन्सं, दोष तुमच्या तेलाचा नाही, पत्त्याचा आहे. इतरांचं तर विचारूच नका. शेजारीण कांद्याचा रस घेऊन आली, आमच्या ड्रायव्हिंग स्कूलचे मालक म्हणाले रोज सकाळी खाली डोकं वर पाय करा. मी म्हटलं, तुमच्या गाडीत बसून गेली दहा वर्षं दुसरं काय करतेय?

तुमच्या बंधूंची गंमत तर वेगळीच. जमीन मोजणीच्या कचेरीत जन्म गेलेला माणूस, तो बायकोच्या डोक्याला कसा सोडेल? दर महिन्याला मला खिडकीशी स्टुलावर बसवतात, टाळूवर पारदर्शक कागद ठेवून मोकळ्या जागेची कड बारीक पेनाने उतरवतात, आणि मागच्या महिन्याच्या कागदावर ठेवून बघतात. दुसऱ्या मोजणीला कड पूर्वेकडे सरकलेली निघाली, तिसऱ्यालाही. "अतिक्रमण आहे," असं म्हणाले आणि दोन्ही कागद पुन्हापुन्हा एकमेकांवर ठेवत राहिले, तेव्हा मीच त्यांना चहा करून दिला. डॉक्टरीण हे नकाशे जपून ठेवते. म्हणते, असा पेशंटचा नवरा पाहिला नाही. मी म्हटलं, मीही नाही.

आता खरा प्रकार ऐका. केसांचा टोप घ्यायचं मीच ठरवलं. दुकानदाराने जो डोक्यावर बसवला तो पाहून तुमचे बंधू म्हणाले, "छान आहे. कोणाची तरी आठवण येते." कोणाची ते अजून सांगितलेलं नाही. टोप घालून मी कामावर गेले. विद्यार्थी होते आमचे दातांचे डॉक्टर. माणूस आडव्या अंगाचा, पण स्टिअरिंग असं धरतो की जणू तेच पळून जाणार आहे. चौकात पोलीस उभा, समोरून कबुतर आलं. कबुतर! दातवाल्यांनी सगळा जीव ब्रेकवर ओतला. गाडी थांबली, मी पट्ट्यामुळे थांबले, टोप थांबला नाही. तो आधी माझ्या डोळ्यांवर आला, मग समोरच्या काचेवर आपटून दातवाल्यांच्या मांडीवर पडला. ते किंचाळले. त्यांना वाटलं, कबुतरच आत आलं! त्यांनी दार उघडून ते "कबुतर" बाहेर भिरकावलं. पोलीस आला, खाली वाकला, टोप उचलून धूळ झटकली आणि खिडकीतून आत बघत म्हणाला, "हे कोणाचं?"

वन्सं, चारही बाजूंनी गाड्या उभ्या, लोक माना वळवून बघतायत, माझं डोकं उघडं, टाळूवर इंजेक्शनांचे लाल ठिपके. दातवाले पांढरेफटक पडून म्हणतात, "साहेब, माझं नाही." (त्या माणसाला स्वतःचं पूर्ण टक्कल आहे.) मला वाटत होतं, जमीन दुभंगावी. आणि तोंडातून निघालं, "माझं आहे, पण मला होत नाही हो." आणि मला जे हसू फुटलं, ते आवरेच ना. पोलीसही हसला. त्याने टोप घडी घालून द्यायचा प्रयत्न केला, ते जमेना, तेव्हा नुसताच माझ्या मांडीवर ठेवला आणि आमच्यासाठी सगळा चौक थांबवून वाट करून दिली.

पुढे थोडं गेल्यावर दातवाले रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले, "मॅडम, माझ्याकडे लोक तोंडावर हात धरून येतात. वर्षानुवर्षं धरलेला असतो. तो हात खाली येईपर्यंत मला काहीच करता येत नाही." एवढंच बोलले, आणि बोलण्याच्या नादात त्यांनी पहिल्यांदा गाडी नीट वळवली. मी त्यांना ते सांगितलं नाही, नाहीतर पुन्हा बिघडले असते. त्या दिवसापासून मी टोप घालत नाही. ऊन असलं की रुमाल बांधते, नसलं की तशीच जाते. पहिले दोन दिवस मान आखडली, तिसऱ्या दिवशी विसरले.

आणि मोजणीचं म्हणाल, तर परवा पुन्हा स्टुलावर बसवलं. एकदा कागद ठेवला, दुसऱ्यांदा ठेवला, मग चष्मा पुसला. मी म्हटलं, सांगून टाका. म्हणाले, "हद्द जिथल्या तिथे आहे." गेल्या महिन्यात होती तिथेच, त्याआधीच्या महिन्यात होती तिथेच. डॉक्टरीणही म्हणाली, दाह शांत झालाय, औषध सोडायचं नाही, लक्ष ठेवायचं. गेलेली जागा गेली. तिच्यावर तुमचे बंधू मलम लावून झाल्यावर हळूच ओठ टेकवतात. (हे तुम्हाला लिहायला नको होतं, पण खोडायला गेले तर तुम्ही उजेडात धरून वाचालच.)

भाऊजींना नमस्कार. गुडघ्यांना शेक द्या, जिने टाळा, आणि माझ्यावरचा लोभ आहे तसाच असू द्या.

तुमची,
भावजय

ता. क. भाऊजींवर रागावू नका. त्यांनी चहाडी केली नाही, मीच त्यांच्याकडून काढून घेतलं. मागच्या आठवड्यात फोन केला तेव्हा तुम्ही आंघोळीला गेला होता. ते म्हणाले, हल्ली तुम्ही घरातसुद्धा डोक्याला रुमाल बांधून असता, वारा लागतो म्हणता, आणि खिडक्या तर सगळ्या बंद असतात. दुपारी टाळूवर ओलं फडकं ठेवून बसता. न्हाणीघराची मोरी रोज स्वतः साफ करता, दुसऱ्या कोणाला करू देत नाही. वन्सं, एवढं लांबलचक पत्र मी त्यासाठी लिहिलं. साधा कोंडा निघाला तर मी तुमची माफी मागेन आणि ती तुम्ही वर्षभर साऱ्या नात्यागोत्यात वाचून दाखवा. पण तो नसेल, तर तुम्ही लाजण्यात घालवलेला प्रत्येक महिना त्या रखवालदारांच्या फायद्याचा आहे.

आणखी एक. गुरुवारी सकाळची वेळ तुमच्या नावाने घेऊन ठेवली आहे. वय विचारलं, तेव्हा मी पाच वर्षं कमी सांगितलं. तिथे गेल्यावर दुरुस्त करू नका. बुधवारी संध्याकाळी गाडी घेऊन मी स्वतः येते. तुमचे बंधू मागे बसतील, काही बोलणार नाहीत, तसं कबूल करून घेतलंय. खुर्चीत बसल्यावर हात धरायला मी आहे.

सगळ्यात शेवटचं. नाही म्हणायचं असेल तर फोन नको, सविस्तर पत्रानेच कळवा. ते इथे पोचेपर्यंत मी तुमच्या दारात उभी असेन.