पेढे का वाटले

नवी पेठ, सोलापूर
मंगळवार, ९ डिसेंबर २०२५

लाडक्या जोयाला दादीचा सलाम, आणि लांबूनच डोक्यावरून हात फिरवून दुवा.

तू बरी असशील. जेवण वेळेवर करत नसशील हे मला ठाऊक आहे, म्हणून ते विचारत नाही. पुण्यात कडाक्याची थंडी पडली असेल. इकडे सोलापुरात पडते तेवढी पडलीय, सकाळी शाल आणि दुपारी पंखा.

पाकीट बघून घाबरू नकोस. पोस्टात पाकीट मागितलं तर खिडकीतली पोरगी म्हणाली, "आजी, कोर्टाचं काम आहे का?" म्हटलं, नाही गं, नातीला पत्र लिहायचंय. तर तिनं शेजारच्या बाईला बोलावून मला दाखवलं. मीही जरा ताठ उभी राहिले.

मराठीत लिहिते, कारण तुला उर्दू वाचता येत नाही आणि माझी सातवी मराठी शाळेतली. मोबाइलवर लिहायला बसले तर एक बोट दोन अक्षरांवर पडतं, आणि मग तो फोन मनाला येईल ते लिहितो. परवा खालच्या मजल्यावरच्या ईरम्माला "ताक पाठव" लिहिलं, तर तिला "नाक पाठव" गेलं. ती हसत हसत जिना चढून वर आली, ताक न घेताच.

बाकी बातम्या अशा. तुझ्या अब्बाची चिंचोळीतल्या कारखान्यातली शिफ्ट बदलली, आता सकाळचा जातो. तुझ्या अम्मीनं जुळे सोलापूरच्या घरात माझ्यासाठी एक खोली रंगवून घेतलीय, मला न विचारता. रंग गुलाबी. मी काय पाळण्यातली आहे का? मी म्हटलं, "राहत, खोली लई छान आहे, पाहुणे आले की झोपव त्यात." मी काही नवी पेठ सोडून जायची नाही. इथं खाली उतरलं की माणसं दिसतात, तिकडं नुसती दारं.

कुकर नवा घेतला. जुन्याची शिट्टी वाजेनाशी झाली होती, दोनदा डाळ करपली. दाराची बेलही बदलली, तीही बिघडली होती. एकाच वर्षात घरातल्या सगळ्या वस्तू बिघडाव्यात म्हणजे काय!

आपल्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात, ते तू पाहिलंच आहेस. भाडेकरूनं पाटी बदलली, पण भिंतीवरची कॅसेटची लाकडी फळी तशीच ठेवलीय, त्यावर कव्हरं टांगतो. मागं एकदा तू विचारलं होतंस, "दादी, तुम्ही नक्की काय विकायचात?" आणि मी सांगायला लागले तेवढ्यात तुझा फोन वाजला. आज तुझा फोन वाजला तरी मला थांबवता येणार नाही, म्हणून सांगते.

आम्ही गाणी भरून द्यायचो. गिऱ्हाईक कोरी कॅसेट आणि कागदावर गाण्यांची नावं घेऊन यायचं. तुझे दादाजान मौला पुढं गल्ल्यावर, आणि मी मागच्या खोलीत कानाला हेडफोन लावून. एका बाजूला अर्धा तास. त्यात सहा-सात गाणी बसायची, म्हणून लोक आधी घरी भांडून नावं ठरवायचे. बायकोचं एक, आईचं एक, आणि नवऱ्याची उरलेली सगळी. शेवटचं गाणं मध्येच तुटलं तर दुसऱ्या दिवशी दारात हजर, "भाभी, अंतरा कुठं गेला?" म्हणून मी कोणतं गाणं कुठं बसतं ते ऐकून ऐकून ठरवायचे. रीळ घासलं गेलं असेल तर मला पहिल्या खरखरीतच कळायचं. तुझे दादाजान अख्ख्या पेठेत सांगत फिरायचे, "मशीन चुकेल, माजिदाचा कान चुकणार नाही." असं म्हणाले की मी वरवर रागवायचे. आत किती बरं वाटायचं ते त्यांना ठाऊक होतं.

आता तू एका बोटानं हजार गाणी पाठवतेस. वाईट नाही गं. पण हजारांत आईचं कुठलं आणि बायकोचं कुठलं, ते कसं कळायचं?

आणि तुम्हाला वाटतं की बोलून मेसेज पाठवायची गंमत तुम्ही शोधून काढली! अगं, आमच्या दुकानात ते चाळीस वर्षांपूर्वी चालायचं. ज्यांची मुलं आखातात कामाला होती, ते येऊन कॅसेटवर बोलायचे आणि जाणाऱ्या माणसाबरोबर ती कॅसेट पाठवायचे. अक्कलकोटहून शांतम्मा यायची, तिचा बिरप्पा मस्कतला. माईकसमोर बसली की पदर सावरायची, जसा काही तो बघतोय. मग ओरडायची, "ऊटा आयता?" म्हणजे जेवलास का. आणि थांबायची. मी खुणेनं सांगायचे, बोला पुढं. ती मलाच गप्प करायची, "थांब की! त्याला सांगू तर दे." प्रत्येक प्रश्नानंतर अशी थांबायची. तापाचं काय झालं, मुकादम बरा आहे का, आणि मध्ये नुसती शांतता. तुझे दादाजान म्हणायचे, रीळ वाया चाललंय, मोकळ्या जागा काप. मी कापल्या नाहीत. पुढं बिरप्पा सुटीवर आला तेव्हा दुकानात येऊन म्हणाला, "भाभी, त्या मोकळ्या जागेत मी उत्तरं द्यायचो. खोलीतली पोरं मला येडा म्हणायची."

हात दुखायला लागला. उरलेलं उद्या लिहिते.

बुधवार

काल हात दुखत नव्हता. पुढचं लिहायचं जिवावर आलं होतं, एवढंच.

आता पेढ्यांचं सांगते.

त्या शुक्रवारी तुझा मेसेज आला. चांगला लांबलचक होता. मी तुझ्या तारखेची वाटच बघत होते, मुबीनच्या घरचे त्याच आठवड्यात निकाहची तारीख कळवणार होते ना. मी लगेच बोलून पाठवलं, "मुबारक हो बेटा, लाख लाख मुबारक! आत्ता पेढे आणते." आणि आणलेही. ईरम्माला दिले, कव्हरवाल्याला दिले, समोरच्या सराफाला दिले, आणि एक डबा रिक्षावाल्याबरोबर जुळे सोलापूरला धाडला. डबा बघून तुझ्या अम्मीनं तुला फोन केला की आम्हाला न सांगता तारीख ठरवलीस होय गं. तेव्हा तुला रडत रडत तिला सांगावं लागलं की तारीख कसली, त्यांनी लग्नच मोडलंय. नोकरी सोडून घरी बसणारी मुलगी हवी म्हणाले.

संध्याकाळी तुझा अब्बा आला. तोंड उतरलेलं. समोर बसून एकेक शब्द सुटा करून म्हणाला, "अम्मी, तिचा मेसेज ऐकलास ना तू? मग मुबारक कशाला?"

मला खरं सांगता आलं असतं. पण मी म्हणाले, "ऐकला. चांगलं झालं, पोरगी सुटली. म्हणून वाटले पेढे."

त्याला ते पटलं. मुबीन मला पहिल्यापासून आवडला नव्हता आणि मी ते लपवलंही नव्हतं. मंगनीच्या दिवशीच म्हणाले होते की हा मुलगा स्वतःच्याच बोलण्यावर आधी हसतो. तुलाही तसंच वाटलं असणार, की म्हातारीला आनंद झाला. तुझ्या रडण्यावर तिनं पेढे खाल्ले. त्या दिवसापासून तू बोलली नाहीस. तुझ्या जागी मी असते तर मीही बोलले नसते.

जोया, मी तो मेसेज ऐकलाच नव्हता. मला ऐकू आला नाही.

कुकर चांगला होता, बेलही चांगली होती. गेल्या रमजानपासून माझ्या कानातून आवाज निघून चाललेत. समोर तोंड दिसत असेल तर ओठांवरून उमजतं, थोडं अंदाजानं जुळवते. फोनवर काही नाही. तुझा मेसेज आला की तुझा फोटो दिसतो, रेघ पुढं पळताना दिसते. मी फोन कानाला दाबून धरते. कुणी उशीत तोंड घालून बोलतंय असं काहीतरी येतं. आवाज तुझा आहे हे कळतं, शब्द एकही लागत नाही. रेघ संपली की मी "हो बेटा, माशाअल्ला, जेवत जा" असं पाठवून द्यायचे. बहुतेक वेळा ते कुठंही चालून जातं. या वेळी नाही चाललं.

तू म्हणशील, सांगितलं का नाहीस? सांगितलं असतं तर अब्बानं दुसऱ्याच दिवशी सामान बांधलं असतं आणि मी त्या गुलाबी खोलीत. ही एक भीती. दुसरी मला लिहायलाही लाज वाटते. "माजिदाचा कान चुकणार नाही," असं ज्या माणसानं आयुष्यभर सांगितलं, तो गेला, दुकान गेलं, आणि आता तो कानही गेला. मग माझ्याकडं राहिलं काय? म्हणून तुझ्या नजरेत वाईट झाले, पण हे बोलले नाही. वेडीच मी! कुणी असं करतं का?

ईरम्मानं मात्र मला पकडलं. ती पाठीमागून हाका मारत होती आणि मी निवांत लसूण सोलत होते. तिनं मला रिक्षात घातलं आणि कानाच्या डॉक्टरांकडं नेलं. तिथं काचेच्या खोलीत बसवून हेडफोन लावले. कितीतरी वर्षांनी कानाला हेडफोन लागले गं! मला वाटलं आता दाखवते यांना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आवाज आला की बटण दाबा. मी आपली दाबत राहिले, मध्ये थोडं थांबून, थोडं हसून, दाबत राहिले. त्या दार उघडून आत आल्या आणि माझ्यासमोर वाकून म्हणाल्या, "आजी, मी अजून आवाज सोडलाच नाही." ईरम्मा बाहेर पोट धरून हसत होती. मीही हसले. घरी येऊन मात्र रडले.

मशीन लावा म्हणतात. समोरच्याचं बोलणं बरंच ऐकू येईल, फोनचं सांगता येत नाही. तुम्ही पोरं दिवसभर दोन्ही कानांत मशीन घालून फिरता, हाक मारली तर ओ देत नाही, तरी तुम्हाला कुणी काही म्हणत नाही. मी घातलं की लगेच म्हातारी! पण घालणार आहे. पुढच्या आठवड्यात माप घ्यायला बोलावलंय.

आता जे मनात खुपतंय ते लिहिते. तुझी अम्मी परवा म्हणाली, "पोरीनं सगळ्यांच्या आधी तुम्हाला सांगितलं होतं. मला नाही, तिच्या अब्बाला नाही, तुम्हाला." तिला राग होता, पण ते ऐकून माझाच जीव गोळा झाला. घर पडल्यासारखं झालं असेल तेव्हा तुला पहिली मी आठवले. आणि मी नव्हतेच तिथं. नुसता माझा आवाज होता, खूश होऊन मुबारक म्हणणारा.

तो मेसेज अजून माझ्या फोनमध्ये आहे. ईरम्मा म्हणाली, दे, मी ऐकून सांगते काय बोलली ती. मी दिला नाही. तू तो मला सांगितला होतास, तिला नाही.

मुबीनबद्दल मी आता काही बोलत नाही. तुला तो आवडत होता, तेव्हा तो गेल्याचं दुःख खरं. मला पटला नव्हता म्हणून तुझं दुःख कमी होत नाही.

हे पत्र अब्बाला दाखव. मी सांगायला गेले तर परत काहीतरी थाप मारीन, माझा भरवसा नाही. गुलाबी खोलीत जा म्हणाला तर जाईन, कुरकुर करत जाईन, पण जाईन. तू गप्प राहिलीस त्यापेक्षा ते बरं.

आणि सुटी काढून एकदा ये. बेल वाजवत उभी राहू नकोस, सरळ वर ये. माझ्यासमोर बस, उजेडात, तोंडावरचे केस मागं घे, आणि त्या दिवशी जे सांगितलंस ते पहिल्यापासून सांग. हळूहळू सांग. रडू आलं तर थांब, मग पुन्हा सांग. मी मध्ये बोलणार नाही. मला एकही शब्द चुकवायचा नाही, बेटा.

तुझी वाट बघणारी,
तुझी बहिरी दादी
माजिदा